चांदीला दिलेल्या तीन सुया

तलासरीच्या बाजारात माझ्याशी भाव करायला माणसं एकटी येत नाहीत, दोघं-तिघं मिळून येतात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने त्याचा हात धरून ‘चल रे, नको’ म्हणून ओढायचं आणि तिसऱ्याने बकरीचे दात बघून खोट काढायची. चाळीस वर्षं मी हा खेळ बघते आहे आणि अजून मला त्यात मजा येते. गुजरातकडचे व्यापारी मला तोंडावर यमुनाबेन म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मी चिडकी आहे हे खरंच आहे. पण मी फसवत नाही, आणि हातातली वस्तू तिची किंमत ठरल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात देत नाही. आयुष्यात एकदाच दिली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि वस्तू होती एक रिकामी औषधाची बाटली.

आमचं घर कैनाडच्या एका पाड्यावर होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर माती-शेणाचा लेप, आणि चुलीच्या वर, धुरात, बाबांनी झाईहून आणलेल्या सुक्या बोंबलांची माळ. बाबा झाईला बोटीवर खलाशी होते. वर्षातले आठ महिने समुद्रावर असायचे आणि घरी आले की पहिले दोन दिवस नुसते झोपायचे. त्यामुळे घर म्हणजे आई, माझी मोठी बहीण सुमन, मी आणि पाच बकऱ्या. आई माणसांशी फार बोलत नसे. बकऱ्यांशी बोलायची. सकाळी चुलीवर नागलीची भाकर टाकली की पहिली जळकी कड मोडून चांदीला द्यायची आणि ‘खा गं बाय, तुझी रात कशी गेली’ असं विचारायची. आम्हाला तिने असं कधी विचारल्याचं आठवत नाही. चांदी म्हणजे आमची कपाळावर पांढरा ठिपका असलेली बकरी, पाचांतली सगळ्यांत धडधाकट. निखाऱ्यावर बोंबील भाजायला घातला की सगळ्या घरात तो वास भरायचा, आणि मग मी, सुमन आणि चांदी तिघी चुलीच्या तोंडाशी.

सुमन माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही एका गोधडीत झोपत असू, मी तिच्या पाठीला कान लावून. तिच्या छातीत ठोक्याबरोबर एक आवाज यायचा, फस्‌ फस्‌, लोहाराचा भाता हळू चालवावा तसा. त्या आवाजाने मला झोप लागायची. सगळ्यांच्याच छातीत तसा आवाज असतो अशी माझी समजूत होती. एकदा आईच्या पाठीला कान लावला तर तिथे नुसते ठोके. मला वाटलं, आईचंच काहीतरी बिघडलंय. सुमन विहिरीवरून हंडा आणताना वाटेत दोनदा बसायची, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, ‘जानकीची थोरली आळशी आहे.’ आईचं नाव जानकी. तिने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. पण पाच वर्षांनी लहान असून हंडा मी आणायला लागले.

सुमनचं लग्न ठरलं त्या वर्षी तिला ताप यायला लागला. मोठा ताप नव्हे, अंग कढत आणि संध्याकाळी घाम. महिनाभर आम्ही झाडपाला केला. मग तिच्या बोटांच्या टोकांना लाल दुखरे ठिपके आले आणि तिला विहिरीचा चढ चढायचा म्हटलं तरी धाप लागायला लागली. डहाणूला एका धर्मादाय इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि विचारलं, ‘लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?’ आला होता, सुमन नऊ वर्षांची असताना. त्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. मी अंगाईसारखा ऐकत होते तो आवाज त्या झडपेचा होता. आता त्या खराब झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. चार आठवडे रोज सुया घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही, मध्ये सोडलं तर पोरगी हातची जाईल, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. आईने एवढंच विचारलं, ‘आणि लगीन?’ डॉक्टर म्हणाले, ‘आधी माणूस.’

सुमनजवळ मी राहिले. सुया पेनिसिलिनच्या होत्या. रबराचं बूच आणि त्यावर पत्र्याची टोपी असलेल्या काचेच्या छोट्या बाटल्या. नर्स त्यांना ‘दहा लाखाची’ म्हणायची. आई रविवारी यायची, आणि पहिल्या रविवारी हे ऐकून घाबरलीच. ‘येवढ्या लाखाची सुई आपल्याला फुकट कशी देतात?’ मी तिला समजावलं की तो पैशांचा आकडा नाही, औषधाच्या मापाचा आहे. तिला पटलं नसावं. तिने रिकाम्या बाटल्या पदरात बांधून घेतल्या, टाकवेनात म्हणून. मी बाटलीवरची इंग्रजी अक्षरं लावत बसायची. नववीपर्यंत शिकले होते, तेवढं येत होतं. रोज तेच नाव वाचून वाचून ते मला झोपेतही दिसायचं.

इस्पितळाच्या मागे एका खोलीत लॅब होती आणि तिथे वसुधाबाई होत्या. पन्नाशीच्या, उंच, कायम कॉटनची साडी आणि वर पांढरा कोट. मुंबईत मोठ्या ठिकाणी संशोधन केलेल्या, नवऱ्याच्या चिकूच्या वाडीमुळे डहाणूला आलेल्या. इस्पितळाच्या तपासण्या त्या करायच्याच, पण उरलेल्या वेळात त्यांचं स्वतःचं काम चाले. हृदयात घर करणारे हे जंतू औषधाला दाद देत नाहीत तेव्हा काय करायचं, हा त्यांचा ध्यास. त्या खोलीत मी कशी शिरले ते सांगते. जंतू वाढवायला त्यांना रक्त घातलेल्या काचेच्या ताटल्या लागायच्या. रक्त मेंढीचं, बर्फात घालून मुंबईहून गाडीने यायचं आणि अर्ध्या वेळा नासलेलं निघायचं. एक दिवस त्या वॉर्डात येऊन म्हणाल्या, ‘कुणाकडे धडधाकट बकरी आहे का? मारायची नाही. पंधरा दिवसांतून एकदा थोडं रक्त काढायचं.’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘बदल्यात काय?’

वॉर्डातल्या बायका हसल्या. बाईही हसल्या. ‘काय हवं तुला?’

‘बकरीला कोंडा. आणि मला आत काम.’

‘तुला काय येतं?’

‘तुम्ही शिकवाल ते.’

‘आणि नाही शिकवलं तर?’

‘तर बकरी कैनाडला.’

असा माझा पहिला सौदा झाला. दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी मी घरी जायची आणि शुक्रवारी सकाळी चांदीला एसटीने डहाणूला आणायची. कंडक्टर तिचं तिकीट मागायचा, मी म्हणायची, ती उभी आहे, सीट कुठे घेतली? बाई चांदीच्या मानेवरचे केस कापून, स्पिरिट लावून सुईने रक्त काढायच्या आणि काचेचे मणी घातलेल्या चंबूत सोडायच्या. तो चंबू दहा मिनिटं गोल गोल हलवत राहायचं, म्हणजे गोठायचा भाग मण्यांना चिकटतो आणि बाकीचं रक्त पातळ राहतं. हे काम माझं. मण्यांचा तो आवाज सुरुवातीला खळखळ असतो, मग रक्त मण्यांवर साकळायला लागलं की जड होत जातो आणि शेवटी जवळजवळ मुका होतो. मुका झाला की थांबायचं. बाईंनी मला घड्याळ बघायला सांगितलं होतं, पण मी कानावर काम करायची, आणि एकदाही चुकले नाही. बाई दर खेपेला चांदीकडे बघून एकच प्रश्न विचारायच्या, ‘खाते-पिते ना नीट?’ मी म्हणायची, माझ्याहून नीट. हा प्रश्न लक्षात ठेवा. दुसरा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही.

बाई शिकवायला चांगल्या होत्या, हे मला कबूल करावंच लागेल. त्यांच्याकडे थंड पेटीत एक औषध होतं. मातीतल्या एका जंतूपासून त्यांनी ते काढलं होतं. त्याला त्या विकर म्हणायच्या, इंग्रजीत एन्झाइम. मी विचारलं, हे मारतं कसं? त्या म्हणाल्या, ‘तुमच्या घराच्या भिंती कशाच्या?’ कुडाच्या. ‘कुडाला वाळवी लागली की काय होतं?’ वरून लेप दिसतो, आतून काठ्या खाल्लेल्या, एक दिवस भिंत बसते. ‘तसंच. जंतूला भिंत असते. हे विकर म्हणजे त्या भिंतीला लागलेली वाळवी. पण माणसाच्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला ती लागत नाही.’ इतकं सोपं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा कशी करायची तेही त्यांनी दाखवलं. रक्ताच्या ताटलीवर जंतू सगळीकडे दाट सारवायचे, मध्ये औषधाचा एक थेंब ठेवायचा आणि ताटली उबेच्या पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जंतूंचा थर वाढलेला दिसतो, आणि औषधाने काम केलं असेल तर थेंबाच्या जागी स्वच्छ गोल. गोल जेवढा मोठा तेवढं औषध चांगलं. बाईंचे गोल मुगाच्या दाण्याएवढे यायचे, त्याहून मोठे नाहीत. आणि ज्या जंतूंवर त्या हे करत होत्या ते सुमनच्या रक्तातून वाढवलेले होते. ताटलीच्या झाकणावर त्यांनी ‘सु’ लिहिलं होतं. मी रोज सकाळी ते ‘सु’ बघायची, ही माझी बहीण आहे आणि हे तिला खाणारे आहेत, आणि मुगाएवढ्या त्या गोलाला मनातल्या मनात म्हणायची, वाढ. हे औषध माणसाला द्यायला अजून फार वर्षं लागतील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या डोक्यात ते शिरत नव्हतं.

चार आठवडे झाले. सुया संपल्या. दोन-चार दिवसांनी सुमनचं रक्त पुन्हा तपासायला घेतलं. ही तपासणी महत्त्वाची होती. ताटलीवर काही वाढलं तर पुन्हा सुया, नाही वाढलं तर घर. ताटल्या नव्या होत्या, त्याच आठवड्यात मी चांदीला आणून काढलेल्या रक्ताच्या. बाईंनी सुमनचं रक्त ज्या पोषक पाण्यात घातलं होतं ती बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘किंचित गढूळ वाटते. पण रक्ताची बाटली तशी दिसतेच.’ पाच दिवस ताटली उबेत राहिली. काही वाढलं नाही. डॉक्टर म्हणाले, झाली बरी, न्या. आई न्यायला आली तेव्हा तिने डॉक्टरांच्या टेबलावर बोंबलाची एक जुडी ठेवली. डॉक्टर शाकाहारी होते.

चांदीच्या त्याच रक्ताच्या दुसऱ्या ताटल्यांवर बाईंनी आपली परीक्षाही केली, आणि दुसऱ्या दिवशी गोल बघून त्या खुर्चीत बसल्या. मुगाएवढा गोल आता जांभळाएवढा झाला होता. पुन्हा केलं. पुन्हा तसाच. जंतूंचा थर जरा विरळ दिसत होता, पण त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, म्हणाल्या, जुने झालेत, थकले असतील. त्यांनी मुंबईच्या त्यांच्या सरांना पत्र टाकलं. सर पुढच्या बुधवारी येतो म्हणाले. बाईंनी मला नवा पांढरा कोट दिला, त्यांचाच जुना, बाह्या दुमडून. म्हणाल्या, ‘सरांनी हे काम उचललं तर मी तुला इथे कायम ठेवून घेईन. दहावी बाहेरून दे.’ मी सरळ हो म्हटलं नाही. कोट मी घरी न्यायचा, एवढं आधी ठरवून घेतलं.

सुमन घरी आल्यापासून मी रोज एसटीने ये-जा करत होते. पहिले काही दिवस ती बरी होती. मंगळवारी संध्याकाळी तिचं अंग पुन्हा कढत लागलं. सुमन म्हणाली, चुलीपाशी बसले म्हणून असेल. बुधवारी पहाटे मी कोट अंगावर चढवून डहाणूला निघायच्या तयारीत होते. आई देवासमोर बसली होती. तिने कुंकू लावायला एक बाटली उघडली. रबराचं बूच. मला वाटलं, इस्पितळातून पदरात बांधून आणलेल्यांपैकी असेल. पण ही मोठी होती, दुप्पट. मी उचलून बघितली. नाव तेच.

‘ही कुठली?’

‘ती होय? चांदीची.’

‘चांदीची म्हणजे?’

‘तिचा पाय सुजला होता ना. सायवनचा तो जनावरांचा कंपाउंडर पाड्यावर आला होता. म्हटलं, हिलापण टोच. तीन दिवस आला बिचारा.’

‘कधी?’

आई आठवायला लागली. ‘तू तिला शुक्रवारी नेलीस ना मागं, त्याच्या आधीचे तीन दिवस. मंगळ, बुध, गुरू. गुरुवारी तू यायच्या आधीच येऊन गेला.’

मला सगळं एकदम कळलं असं नाही. आधी मी बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग एकेक गोष्ट आपापल्या जागी बसली. चांदीच्या रक्तात पेनिसिलिन, चांदीचं रक्त ताटल्यांत, आणि त्या ताटल्यांवर सुमनचं रक्त. पाच दिवस काही वाढलं नाही ते सुमन बरी झाली म्हणून नव्हे. ताटलीतच औषध होतं. आणि मी आईवर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते पुढे लागणार आहे. मी म्हटलं, ‘तू लपवलंस.’

‘लपवलं कशाला?’ आई म्हणाली. ‘तू विचारलंस का?’ आणि पुढे, ‘माझ्या पोरीसाठी रगत देते ती. तिचा पाय बघू नको मी?’

मी बाटलीतलं कुंकू जमिनीवर ओतलं, बाटली कनवटीला लावली आणि निघाले. दारातून मागे बघितलं तर आई दोन्ही तळव्यांनी सारवलेल्या जमिनीवरून कुंकू गोळा करत होती, मातीसकट.

एसटीत बसल्यावर माझं डोकं चालायला लागलं, आणि ते ज्या दिशेने चाललं ते मी लपवणार नाही. मुंबईचे सर आज यायचे होते. ही बाटली दाखवली की बाईंचे जांभळाएवढे गोल गेले, सर गेले, आणि माझी कायमची जागाही गेली. नाही दाखवली तर सगळं राहतं, फक्त सुमन घरी तापात. मध्ये एक तिसरी वाटही होती. आधी बाईंना बाजूला घ्यायचं, माझ्याकडे तुमच्या कामाची एक गोष्ट आहे, पण माझी जागा पक्की करा, मग सांगते. आजची मी असते तर ती वाट धरली असती. जिच्याकडे माल आहे तिने आधी बोलायचं नसतं. पण डहाणूच्या स्टँडवर उतरले आणि मी चक्क पळत सुटले. इस्पितळापर्यंत कुठे थांबले नाही.

सर आले होते. टेबलावर बशीत सोललेले चिकू, समोर ताटल्या मांडलेल्या, आणि बाई पट्टी लावून गोल मोजून दाखवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘यमुना, जरा बाहेर थांब.’ मी बाटली त्या ताटल्यांच्या मधोमध ठेवली.

‘हे चांदीला दिलंय. रक्त काढायच्या आधी तीन दिवस. आईने दिलं, मला आज कळलं. सुमनला पुन्हा ताप आहे. तिची ताटली खोटी आहे, बाई.’

सरांनी बाटली उचलून नाव वाचलं आणि विचारलं, ‘ही कोण?’

‘बकरीवाली,’ बाई म्हणाल्या.

पांढरा कोट माझ्या अंगावर होता तेव्हा.

पुढचा अर्धा तास बाई एखाद्या यंत्रासारख्या वागल्या आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी सुमनच्या रक्ताची ती गढूळ बाटली पेटीतून काढली. मुंबईच्या मेंढीच्या रक्ताच्या दोन ताटल्या मागे शिल्लक होत्या, त्यांवर तिचा थेंब सारवला. डॉक्टरांना बोलावलं, सुमनला आणायला इस्पितळाची जीप पाठवली. ताटल्या उबेत गेल्या. मग त्या बसल्या, नोंदवही उघडली, सरांसमोर काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवून म्हणाल्या, ‘सही कर.’

मी वाचलं. ‘बकरीच्या मालकिणीने बकरीवरील औषधोपचाराची माहिती लपवली.’

‘लपवली नाही,’ मी म्हटलं. ‘सकाळी कळली, आता सांगितली.’

‘मी तुला दर वेळी विचारत होते.’

‘तुम्ही विचारत होता, खाते-पिते ना. खात होती. पीत होती.’

‘यमुना, हा शब्दांचा खेळ नाही. सही कर.’

सर खिडकीतून बाहेर बघत होते. शेजारच्या टेबलावर काचेच्या मण्यांचा धुतलेला चंबू पालथा घातलेला होता. मी तो उचलला आणि भिंतीवर मारला. चंबू एकदाच वाजला, पण मणी किती तरी वेळ वाजत होते, फरशीवरून, टेबलाखालून, दारातून बाहेर व्हरांड्यात. सगळे थांबल्यावर मी कोट काढला, खुर्चीवर ठेवला आणि बाहेर पडले. जाताना दिसलं, वसुधाबाई कोटासकट गुडघ्यांवर बसून मणी वेचत होत्या. त्या काळी ते मणी सहजी मिळत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढीच्या रक्तावर सुमनचे जंतू वाढले. बारीक ठिपके, भोवती हिरवट कडं. मला ते कुणी दाखवले नाहीत, नर्सने सांगितलं. सुमनला पुन्हा सहा आठवडे सुया झाल्या, या वेळी दोन प्रकारच्या. डॉक्टर आईला म्हणाले, अजून आठ दिवस गेले असते तर मी काही करू शकलो नसतो. सुमनचं ठरलेलं लग्न मोडलं, दोन वर्षांनी दुसरं झालं. पुढे मुंबईला नेऊन झडप बदलली. त्यानंतर तिच्या छातीतून घड्याळासारखा टिक्‌ टिक्‌ आवाज यायचा, शांत खोलीत मलाही ऐकू यायचा. ती एकोणीस वर्षं जगली, दोन मुली वाढवल्या, आणि हंडा मात्र कधी उचलला नाही. मी उचलू दिला नाही.

बाईंच्या कामाचं पुढे जे झालं ते मला बऱ्याच वर्षांनी, त्याच नर्सकडून कळलं, आणि माझा राग खरा तिथे पक्का झाला. बाईंनी त्या ताटल्या टाकून दिल्या नव्हत्या. त्या विचार करत बसल्या की जांभळाएवढा गोल आला तो नुसत्या पेनिसिलिनने नव्हे. ताटलीत पेनिसिलिन सगळीकडे होतं, तरी दाट सारवलेले जंतू तग धरून होते, सुमनच्या रक्तातले थोडके तेवढे मेले. पण जिथे विकर आणि पेनिसिलिन दोन्ही भेटले तिथे जंतू साफ झाले. भिंत आधीच अर्धी खाल्लेली, वरून धक्का. मग त्यांनी मुद्दाम मोजून-मापून दोन्ही एकत्र वापरले आणि तसेच गोल मिळाले. त्यावर त्यांचा लेख छापून आला, त्या कुठे कुठे जाऊन बोलल्या. माणसाला द्यायचं औषध त्यातून झालं नाही, काम पुढे बंद पडलं. पण तो लेख ज्यावर उभा होता ती चूक चांदीची, आईची आणि माझी. लेखात आम्ही तिघी नाही. आम्ही आहोत त्या नोंदवहीत, त्या एका ओळीत, सहीच्या रिकाम्या जागेसकट. वसुधाबाई वारल्या तेव्हा मी गेले नाही. लोक म्हणाले, इतकी वर्षं मनात धरतेस? धरते. ती ओळ खोटी आहे.

परवापर्यंत मी हे प्रकरण इथेच संपवणार होते.

कोट काढून ठेवल्यावर मी बकऱ्यांच्याच धंद्यात पडले. पहिल्या वर्षापासून माझा एक नियम होता. ज्या जनावराला सुई टोचली त्याच्या शिंगाला लाल चिंधी बांधायची, आणि चिंधी सुटेपर्यंत, पंधरा दिवस, ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्याचं दूध पोरांना द्यायचं नाही. मी चिंधीवाली बकरी घ्यायची नाही, आणि सुई लपवून विकलेली सापडली तर त्या माणसाकडून पुन्हा कधी माल घ्यायची नाही. पाड्यापाड्यांतून लोक मलाच विकायचे, त्यामुळे चिंधी सगळीकडे गेली. कैनाडपासून सायवनपर्यंत, तिकडे तलासरीच्या पलीकडेही. का बांधायची ते हळूहळू सगळे विसरले. बांधायची हे राहिलं.

परवा बाजारात जनावरांचा नवा सरकारी डॉक्टर आला होता, तरुण, हातात मोबाइल, फोटो काढत. त्याला एक बकरीही घ्यायची होती. म्हणाला, ‘मावशी, मी इथल्या श्रद्धांवर लिहितोय. सुई दिली की हे लोक नजर लागू नये म्हणून लाल चिंधी बांधतात. गंमत म्हणजे ही श्रद्धा अगदी शास्त्राला धरून आहे. कुणी सुरू केली असेल कोण जाणे.’

चाळीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. माझं पूर्ण नाव, गावासकट, तोंडात तयार होतं. आणि मला दिसले ते आईचे तळवे. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. ‘तू लपवलंस’ हे मी तिला म्हटलं होतं, बाईंनी तेच माझ्याबद्दल वहीत लिहायच्या आधी, त्याच दिवशी, अवघ्या चार तासांपूर्वी, आणि त्याचं मी तिच्याजवळ कधी काही बोलले नाही. तिनेही नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच मातकट कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं होतं.

‘जानकी,’ मी म्हटलं. ‘लिहा. जानकी, कैनाडची.’

तो मोबाइलवर लिहायला लागला. ‘त्यांनी सुरू केली?’

‘तिने बकरीचा पाय बघितला. बाकीचं मी केलं. माझं नाव खाली लिहा. आणि असंही लिहा, की तिने काही लपवलं नाही. विचारलं तेव्हा सांगितलं.’

‘म्हणजे?’

‘लिहा तुम्ही.’

त्याला काही कळलं नाही, पण त्याने लिहिलं. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. मग त्याने बकरीचा भाव विचारला. मी सांगितला. तो म्हणाला, आता तर आपली ओळख झाली, थोडं कमी करा. मी म्हटलं, ओळखीचं ते तुम्ही लिहून घेतलंत, बकरीचं वेगळं.